राक्षसिणीचा आवाज तुझ्या धाकट्या बहिणीचा

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबरेमुळे अर्धंच वाकता आलं, उरलेला अर्धा नमस्कार मनाने पोचला असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? डावा जास्त दुखतो की अजून उजवाच पुढे आहे? भाऊजींचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की दोघांच्या सोयीसाठी ते बिघडलेलंच ठेवलं आहे? इकडे सगळं ठीक. चिरंजीव कामासाठी परगावी असतात, महिन्यातून एकदा येतात आणि फ्रिज रिकामा करून जातात. सूनबाई बरी आहे. मीही बरी आहे असं लिहिणार होते, पण तो शब्द फारच तोकडा पडतोय. ताई, मी प्रसिद्ध आहे.

हे खरं तर फोनवरच सांगायचं होतं. पण फोनचं एक वाईट आहे, नेमकी कौतुकाची जागा आली की आवाज तुटतो, पलीकडचा माणूस "काय? काय?" करायला लागतो आणि स्वतःचं कौतुक दुसऱ्यांदा सांगताना मलासुद्धा थोडं अवघडल्यासारखं होतं. पत्राचं तसं नाही. पत्र तू पाहिजे तितक्या वेळा वाचू शकतेस. (वाचच.)

आता पहिल्यापासून सांगते. माझी सगळी नोकरी बसस्थानकाच्या उद्घोषणा कक्षात गेली हे तुला माहीत आहे, पण ती खोली तू कधी पाहिली नाहीस. कपाटाला खिडकी बसवली तर कसं दिसेल, तशी ती होती. फलाटांच्या वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला. आत एक टेबल, एक लांब मानेचा माइक, अधूनमधून बोटाला हलका झटका देणारं बटण आणि एक खुर्ची, जिचा एक पाय कायम दुमडलेल्या तिकिटावर टेकलेला. तिथून माणसं दिसायची ती फक्त वरून. हे गाव मी चेहऱ्यांवरून नाही, टकलांवरून ओळखते. नोकरीला लागले त्याच दिवशी आमच्या थोरल्या साहेबांनी बजावलं होतं, की आवाजात राग नको, लाड नको आणि घाई तर मुळीच नको. बस वेळेवर येवो, उशिरा येवो किंवा घाटात बंद पडो, आवाज एकच. तो मी शेवटपर्यंत राखला. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं असेल, की एवढी माफी मागणारा माणूस एव्हाना संत तरी व्हायला हवा किंवा तुरुंगात तरी. आणि ताई, इतक्या वर्षांत खालच्या त्या डोक्यांपैकी एकानेही कधी वर बघितलं नाही. (एकाने बघितलं होतं. त्याने चप्पल दाखवली. पण ती बससाठी होती, मी मनावर घेतलं नाही.)

तर ही झाली माझी पूर्वपीठिका. आता सूनबाईची. ती एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आवाजाच्या विभागात आहे. गेम म्हणजे काय ते तुला थोडक्यात सांगते, कारण मलाही थोडक्यातच कळलं आहे. पडद्यावर एक माणूस असतो, तो म्हणजे आपण. त्याला कुठेतरी जायचं असतं आणि सगळे मिळून त्याला जाऊ देत नाहीत. त्यांना मारत, स्वतः मरत, पुन्हा उठत तो पुढे जातो. बस, एवढंच. (मला यात नवीन काही दिसलं नाही, मी बसस्थानकात नोकरी केली आहे.) या सगळ्या हाणामारीला आवाज लागतात आणि ते सूनबाई घरातल्या वस्तूंपासून काढते. माझी जुनी छत्री भराभर उघडमीट केली की ड्रॅगन उडतो. माझा रेनकोट फरशीवरून ओढला की अजगर सरपटतो. माझा मोठा झारा सध्या एका राजपुत्राची तलवार आहे, त्यामुळे आमच्याकडे तळण बंद आहे. पहिल्या पहिल्यांदा मी कुरकुरले, मग मीच गाजरं आणून द्यायला लागले. (कडक गाजर मोडलं की हाड मोडल्यासारखं ऐकू येतं. कोवळं घेऊ नये, कोवळ्यात दम नसतो.)

त्यांचा "राखेचा दुर्ग" नावाचा गेम फार गाजला होता. त्यात दुर्गाच्या वेशीवर एक दगडी राक्षसीण उभी असते. चार हात, चारी हातांत हत्यारं, डोळ्यांतून धूर. पहिल्या भागात ती नुसती डरकाळी फोडायची, आणि ती डरकाळी खेळणाऱ्यांच्या इतकी मनात बसली होती की लोकांनी ती फोनला लावली होती म्हणे. दुसऱ्या भागात ती बोलणार असं ठरलं. डरकाळी फोडणारे गृहस्थ कसलेले कलावंत, तेच बोलणार होते. पण ऐन वेळी त्यांचा घसा बसला आणि डॉक्टरांनी त्यांना मौन सांगितलं. तोवर कामापुरता कुणाचा तरी आवाज भरून ठेवायला हवा, नाहीतर राक्षसिणीचे ओठ कुठे हलवायचे ते चित्रवाल्यांना कळेना. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही नुसतं वाचा. नंतर बदलायचंच आहे."

कपाटातले कपडे काढून, आतून गाद्या लावून तिने माझ्यासाठी स्टुडिओ केला होता. मी आत बसले, चष्मा लावला आणि कागद वाचला. पहिलंच वाक्य, "थांब, नीच किड्या!" ताई, मी कागद खाली ठेवला. आयुष्यात एकाही प्रवाशाला मी अरेतुरे केलं नाही, आणि हा तर बिचारा इतक्या लांबून घोड्यावर आलेला. मी सूनबाईला म्हटलं, हे मला जमायचं नाही, पण अर्थ तोच ठेवून मी माझ्या पद्धतीने म्हणून बघते. आणि मी माझा तो जुना उद्घोषणेचा आवाज लावला. म्हटलं, "कृपया लक्ष द्या. वेशीतून आत जाऊ इच्छिणाऱ्यांनी आहे त्या जागीच थांबावे." पुढे ती गदा फिरवते तिथे आरोळी होती. मी म्हटलं, "हात क्रमांक तीनवरून सुटणारी गदा थोड्याच वेळात आपल्यापर्यंत पोचत आहे." आणि खेळणारा मेला, की तिने खदाखदा हसायचं असं लिहिलं होतं. मेलेल्या माणसाला कुणी हसतं का? मी म्हटलं, "आपला प्रवास येथे समाप्त होत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

कपाटाबाहेर शांतता होती. मला वाटलं, पोरीला राग आला. दार उघडून बघते तर सूनबाई जमिनीवर बसली होती, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून, डोळ्यांतून पाणी. हसणं रेकॉर्ड होऊ नये म्हणून.

तिने ते ऑफिसात ऐकवलं. त्यांचे मुख्य दिग्दर्शक (मी त्यांना टोपीवाले म्हणते, कारण ते घरात, दारात, लिफ्टमध्ये, सगळीकडे टोपी घालतात. टोपीखाली काय आहे हे मी वरून एका नजरेत ओळखलं असतं) इतके हसले की म्हणे टोपी पडली. म्हणाले, "राहू दे! हेच राहू दे! लोक वेडे होतील." हे "राहू दे" त्यांचं होतं, ताई. एवढं ध्यानात ठेव, कारण पुढे त्यांच्या ते ध्यानात राहिलं नाही.

गेम बाजारात आला आणि लोक खरंच वेडे झाले, पण टोपीवाल्यांना अपेक्षित होतं तसे नाही. सूनबाई संध्याकाळी घरी आली ती थेट स्वयंपाकघरात जाऊन गाजरं मोडत बसली. कामासाठी नाही, नुसतीच. मी तिचा फोन मागितला आणि खेळणाऱ्यांनी लिहिलेलं वाचायला बसले. काय लिहितात गं लोक! एकाने लिहिलं होतं, पहिल्या भागात नदीचं पाणी निळं होतं, आता ते कालच्या भांड्यांसारखं का दिसतं? एकाला नायकाच्या झग्याचा रंग पसंत नव्हता. एक म्हणे, घोड्याला शिट्टी मारली की तो येईपर्यंत माझं जेवण होतं. एका विद्वानाने तर दुर्गाच्या सातशे वर्षांच्या इतिहासाचा दाखला देऊन लांबलचक निबंध लिहिला होता, की असा प्रकार या राजघराण्यात कधीच घडला नसता. (जो दुर्ग कधी नव्हताच, त्याचा इतिहास त्याला पाठ. आणि आमच्या चिरंजीवांना माझा वाढदिवस आठवत नाही.) पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. खरा मारा होता तो राक्षसिणीवर. "ही राक्षसीण आहे की चौकशीची खिडकी?" "आमची डरकाळी परत द्या." "मी मेलो आणि ती क्षमस्व म्हणाली. माझा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता." एकाने लिहिलं होतं, "या बाईला शोधून काढा आणि घरी पाठवा."

मी घरीच होते.

खोटं कशाला बोलू, लागलं मला ते. पण त्याहून एक गोष्ट जास्त खुपत होती. इतक्या तक्रारी आणि एकालाही उत्तर नाही! कंपनीतलं कुणी हूं की चूं करत नव्हतं. ताई, मी त्या खोलीत असताना खाली एक जरी प्रवासी गोंधळून उभा दिसला तरी मी बटण दाबायची. सवय जाते कुठे? दुसऱ्या दिवशी सूनबाई कामावर गेल्यावर मी माझ्या फोनवर तिथे खातं उघडलं. नाव काय देऊ असं त्यांनी विचारलं, मी "चौकशीची खिडकी" दिलं (नाव खेळणाऱ्यांनीच सुचवलं होतं, म्हटलं वापरावं). आणि एकेकाला उत्तर द्यायला बसले. नदीवाल्याला लिहिलं, "नदीच्या पाण्याबाबतची आपली सूचना संबंधितांपर्यंत पोचवली जाईल." झगेवाल्याला लिहिलं, की झगा धुतल्यावर कदाचित मूळ रंगावर येईल. आणि घोडेवाल्याला लिहिलं, "शिट्टी क्रमांक एकला येणारा घोडा काही अपरिहार्य कारणामुळे उशिराने धावत आहे. लवकरच तो वेळापत्रकानुसार धावेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

चहा ठेवायला उठले आणि परत येऊन बघते तर फोन गरम झालेला. त्या घोड्याच्या उत्तराखाली लोकांची ही रांग! "अरे, ही तीच आहे!" "राक्षसीण स्वतः उत्तरं देतेय!" एकाने भीत भीत विचारलं होतं, "बाई, तुमचा चौथा हात कसा चुकवायचा?" आता विचारलं तर सांगायला नको? मी लिहिलं, "हात क्रमांक चारवरून सुटणाऱ्या कुऱ्हाडीसाठी कृपया उजव्या बाजूस सरकून उभे राहावे. मुलांचा हात धरावा." (हे मी अंदाजाने लिहिलं. पण तो सरकला आणि वाचला! ही विद्या आहे की नशीब, मी त्यात पडले नाही.) तेव्हापासून जे सुरू झालं ते थांबेना. जी मंडळी काल मला घरी पाठवायला निघाली होती, ती आज मुद्दाम वेशीवर जाऊन मरायला लागली, का तर मी काय म्हणते ते पुन्हा ऐकायला मिळावं. एका इस्त्रीवाल्याने लिहिलं, की गिऱ्हाईक कपडे लवकर मागायला आलं की तो आता माझ्या आवाजात "कृपया आहे त्या जागीच थांबावे" म्हणतो आणि ते थांबतं. डरकाळीवाली मंडळी होतीच, ती चिडून आणखी मोठ्याने लिहायला लागली. त्या निबंधवाल्या विद्वानाने दुसरा निबंध लिहिला. त्यात त्याने सिद्ध केलं होतं, की राक्षसिणीचा शांतपणा हाच मुळी सातशे वर्षांच्या दुःखाचा परिणाम आहे. मी त्याचे आभार मानले. कुणी कष्ट घेतले की मानावेत.

सूनबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते टोपीवाल्यांकडून. घोडा लवकरच वेगाने धावेल असं कंपनीने लेखी आश्वासन दिलं आहे, असा लोकांचा समज झाला होता, आणि घोड्याचं काम बघणारी दोन माणसं सुट्टीवरून परत बोलवावी लागली होती. शिवाय डरकाळीवाल्यांचा दबाव होताच. टोपीवाल्यांनी फर्मान काढलं, की राक्षसिणीचा आवाज बदलणार, जुने गृहस्थ येऊन सगळं नव्याने भरणार आणि हा घोळ ज्याच्यामुळे झाला त्याच्याबद्दल विचार करावा लागेल. सूनबाई घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "आई, उद्या माझ्याबरोबर येता का?" मी म्हटलं, येते. आणि इस्त्रीचे कपडे बाहेर काढले.

ताई, ऑफिस म्हणजे काय सांगू. सगळ्या भिंती काचेच्या, म्हणजे कुणी काम करत नसलं की लगेच दिसावं. बसायला खुर्च्या नव्हत्या, भुसा भरलेली पोती होती. टोपीवाले म्हणाले बसा, मी बसले आणि आत गेले. गुडघे हनुवटीला आले. अशा अवस्थेत माणसाला स्वाभिमान राखणं किती अवघड जातं ते एकदा बसून बघ. समोर टोपीवाले, त्यांच्या शेजारी घोड्याची ती दोन माणसं (माझ्याकडे बघत नव्हती), आणि कोपऱ्यात गळ्याला मफलर गुंडाळलेले एक किडकिडीत गृहस्थ तोंडात गोळी चघळत बसले होते. मला वाटलं हिशेब बघणारे असावेत. तेच डरकाळीवाले निघाले! बोलताना आवाज अगदी वासरासारखा मऊ.

टोपीवाल्यांनी सुरुवात केली. "ही कल्पना नेमकी कुणाची होती?" सगळ्यांनी सूनबाईकडे बघितलं. "राहू दे" म्हणून टोपी पाडून घेणारा माणूस, आणि तोही तिच्याचकडे बघतोय! मला काही ते सहन झालं नाही. पोत्यातून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून बसल्या बसल्याच म्हटलं, "कल्पना माझी. घोडाही माझाच. हिने फक्त बटण दाबलं. काय बोलायचं ते मला बोला."

"नाही आई," सूनबाई म्हणाली. ती मात्र उभी होती (उभं राहणं किती शहाणपणाचं असतं ते मला त्या दिवशी कळलं). "आवाज मी ठेवला. बदलायचा म्हणून ठेवलाच नव्हता. सर राहू दे म्हणाले नसते, तर मी भांडले असते."

टोपीवाल्यांना तेव्हा कुठे आपलं "राहू दे" आठवलं. त्यांनी टोपी जरा पुढे ओढली.

मग तिने जे सांगितलं ते मला त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. ती या गावात पहिल्यांदा आली ती एकटी, नोकरीसाठी. बस चुकली होती, दुसरी कुठून सुटते ते कळेना, सगळे धावत होते, कुणी धड सांगेना, आणि हिला रडू यायच्या बेतात होतं. "तिथे सगळेजण घाबरलेले किंवा चिडलेले होते," ती म्हणाली. "फक्त एक आवाज तसा नव्हता. तो वरून येत होता. मी त्या आवाजाने सांगितलं तिथे जाऊन उभी राहिले. सर, वेशीवर पोचलेला माणूस इतका मार खाऊन आलेला असतो. त्याच्यावर आणखी कुणीतरी ओरडलं तर त्याला काय वाटणार आहे? त्याला सगळे तेच करतात."

ताई, मी इतकी वर्षं समजत होते, की या पोरीने आमच्या चिरंजीवांचा चेहरा बघून होकार दिला. माझा आवाज आधीचा निघाला!

मग कोपऱ्यातल्या डरकाळीवाल्यांनी गोळी गालात सरकवली आणि म्हणाले, "मी बोलू का? मी ओरडलो की माणूस पळतो. या बोलल्या की माणूस उभा राहून ऐकतो. आता तुमच्या वेशीवर कोण पाहिजे, ते तुम्ही ठरवा." टोपीवाले म्हणाले, तरी एकदा ऐकू तर द्या. तर त्या किडकिडीत माणसाने मफलर सोडला, डोळे मिटले आणि अशी डरकाळी फोडली की काचेपलीकडच्या मुलीच्या हातातला कप खाली आला आणि मी जी पोत्यातून इतका वेळ उठू शकत नव्हते ती ताडकन उभी राहिले! कलावंत माणूस, त्यात शंका नाही. पण त्यानंतर त्यांना जो खोकला सुटला तो थांबेचना. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "गैरसोयीबद्दल क्षमस्व." आधी घोड्याची दोन माणसं हसली. मग टोपीवाले हसले. मग डरकाळीवाले खोकता खोकता हसले आणि त्यांना दुसऱ्यांदा पाणी द्यावं लागलं.

शेवटी असं ठरलं, की दोन्ही आवाज ठेवायचे. ज्याला जो हवा तो त्याने निवडावा, डरकाळी किंवा मी. सूनबाईवरचा ठपका नुसता पुसला गेला असं नाही, तर तिसऱ्या भागाच्या सगळ्या आवाजांची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली. (तिने घरी येऊन मला नमस्कार केला. मी म्हटलं, वाकू नकोस, काम कर. आणि मग आत जाऊन थोडी रडले.) घोडाही आता वेळेवर धावतो. आणि निवडीचं विचारशील, तर मोजणाऱ्यांनी सांगितलं, की खेळणाऱ्यांपैकी बहुतेक सगळ्यांनी मला ठेवलं आहे. बहुतेक सगळ्यांनी, ताई! डरकाळी एकीकडे आणि तुझी बहीण एकीकडे.

पण या सगळ्यात मला जो अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. परवा एका बाईंनी लिहिलं. त्या दवाखान्यात परिचारिका आहेत, कामाची पाळी संपली की घरी येऊन थोडा वेळ खेळतात. त्यांनी लिहिलं होतं, "दिवसभर माझ्यावर डॉक्टर ओरडतात, पेशंट ओरडतात, पेशंटचे नातेवाईक तर विचारूच नका. मारण्याआधी 'कृपया' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आज मी वेशीवर मेले आणि तुम्ही क्षमस्व म्हणालात. काही हरकत नाही, मावशी."

काही हरकत नाही. इतकी वर्षं मी त्या खोलीतून माफी मागत होते, आणि मला कधी हे सुचलंसुद्धा नव्हतं, की या वाक्याला उत्तरही असतं. मी ते तीनचार वेळा वाचलं. मग त्यांना काहीतरी छान लिहावं म्हणून बसले आणि लिहिलेलं तीनदा पुसलं. शेवटी नुसतं "आभारी आहे" लिहिलं.

बाकी काय लिहू. तब्येतीला जप, जिने टाळ, भाऊजींना माझा नमस्कार सांग (मोठ्याने). मोठ्यांचा आशीर्वाद असाच डोक्यावर असू दे, आम्ही खाली उभे आहोतच.

तुझी,
धाकटी

ता.क. पत्र बंद करता करता सूनबाईने वाचलं आणि म्हणाली, आई, निवडीबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली. गेम सुरू केला की आपोआप तुमचाच आवाज येतो, आणि तो बदलायचं बटण सहा पडद्यांच्या आत कुठेतरी आहे, ते बहुतेकांना सापडतच नाही. मी म्हटलं, हे बरोबरच आहे, ताईला कळवते. कळवलं.

ता.क. मी स्वतः खेळून बघितलं का, असं तू विचारशील. बघितलं. अजून वेशीपर्यंत पोचले नाही. घोडा आता इतका वेगाने धावतो की मी पडते.

ता.क. आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. तिसऱ्या भागात वेशीच्या आत आणखी एक दार आहे आणि तिथे राक्षसिणीची थोरली बहीण बसते. राक्षसीण तिला आपले सगळे पराक्रम सांगते, किती वीर पाडले, किती लोक आपलं नाव घेतात, सगळं. थोरली ते शेवटपर्यंत ऐकून घेते आणि दोनच शब्द बोलते, आणि त्यासरशी राक्षसिणीचे चारी हात खाली येतात. टोपीवाल्यांनी बरेच आवाज ऐकले, एकही पटेना. सूनबाईने मला विचारलं, आई, तुम्ही असं कुणाला घाबरता? मी विचार न करता उत्तर दिलं. तेव्हा ताई, गुडघ्याला पट्टा बांध आणि ये. सराव करून येऊ नकोस, तयारी तर मुळीच नको. हे पत्र वाचून संपल्याबरोबर घडी घालता घालता तू जे म्हणशील ना, "बरं. मग?", तेवढंच म्हणायचं आहे.